पत्ता नसलेल्या बॅटरीच्या मालकास खुले पत्र

शेठ,

हे पत्र तुमच्या नावानं टपालात टाकता आलं नाही. तुमच्या बॅटरीवर 'ओरिजिनल' तीन ठिकाणी लिहिलेलं असतं, चकाकणारा होलोग्राम असतो, कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्हसुद्धा असतं. बनवली कुणी, कुठे, कधी, एवढंच नसतं. म्हणून चारचौघांत लिहितोय, बनवून घेणाऱ्याला आणि काउंटरवर विकणाऱ्याला, दोघांनाही. तुमची छपाई चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. अक्षर फुटत नाही, रंग उडत नाही. स्टिकरवर घेतलेली मेहनत आतल्या सेलवर घेतली असतीत, तर महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीतल्या पोरांचे पुष्कळ फोन माझ्या टेबलावर आलेच नसते.

मी चाकण भागात मोबाईल आणि टॅब दुरुस्त करतो. तुमचा माल उघडून बघणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे तुमच्या स्टिकरच्या खाली काय असतं ते मला माहीत आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे.

आधी आकड्याचं. पॉवर बँकेत बसतो तो गोल सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, बाजारात त्याला १८६५० म्हणतात. जगातल्या चांगल्यात चांगल्या कारखान्यांना या मापात ३५०० एमएएचच्या आसपास क्षमता बसवता आली आहे. तुमच्या सेलवर ९८०० छापलेलं असतं. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्या पायाभूत कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या वर्षांत त्या तिघांना आणि त्यांच्यामागच्या सगळ्या प्रयोगशाळांना जे जमलं नाही, ते तुमच्या प्रिंटरला जमलं. तुमचा सेल मी मोजायला लावतो तेव्हा तो हजाराच्या अलीकडे-पलीकडे दम टाकतो. वरचं प्लास्टिक सोललं की खाली जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, गंजाचे ठिपके पडलेला सेल निघतो. हातात धरला तरी हलका लागतो.

आकड्याची लबाडी पैशाची आहे. पैसे बुडाले तर माणूस शिव्या घालतो आणि पुढे चालू लागतो. तुमची दुसरी लबाडी जिवावरची आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे.

बॅटरीच्या पट्टीवर, दोन मुख्य टोकांच्या शेजारी, पुष्कळ फोनांत एक तिसरं टोक असतं. त्याच्या पाठी थर्मिस्टर बसवलेला असतो. बॅटरी तापली की त्याचा रोध कमी होतो, फोन तो रोध वाचतो, आणि सेल ४५ अंशांच्या पुढे सरकायला लागला की चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. फोनला बॅटरीच्या पोटातली उष्णता कळण्याचा हा मुख्य मार्ग. तुमच्या बॅटऱ्यांत त्या जागी मी साधा रेझिस्टर पाहिलाय. ठरावीक किमतीचा, बहुतेकदा १० किलोओमचा, म्हणजे थर्मिस्टर २५ अंशांना जो रोध दाखवतो तोच. याचा परिणाम काय होतो ते तुम्हाला समजावायची गरज नाही, कारण तो रेझिस्टर तिथं आपोआप उगवलेला नाही. आत काहीही झालं तरी फोनला कळतं एकच, की २५ अंश आहे, हवा गार आहे, चालू द्या चार्जिंग. थर्मिस्टर आणि रेझिस्टर यांच्या किमतीत फरक तो किती? तेवढ्यासाठी तुम्ही पहारेकऱ्याला काढून त्याच्या जागी पुतळा उभा केलात.

आणि हा फोन चार्ज कुठे होतो, तेही ऐका. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं इथं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत चौघं-पाचजणं, एक बोर्ड, त्यात एक चालणारं सॉकेट, अर्थिंगची वायर बहुतेक ठिकाणी नुसती नावाला. तिसरी पाळी करून आलेला पोरगा सकाळी डबा खातो आणि दुपारभर झोपतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्रा तापतो, पंखा गरम हवाच फिरवतो. त्याच वेळी उशाशी फोन चार्जिंगला लावलेला असतो, कारण रात्री गेटवर त्याच फोनवरून हजेरी लागते. उशीखाली ठेवतो, कारण खोलीचं दार उघडं असतं आणि फोन चोरीला जायची धास्ती असते. तुमचा १० किलोओमचा रेझिस्टर त्या उशीखाली बसून फोनला २५ अंश सांगत असतो.

त्या पोराच्या बाबतीत तुम्ही दुकानात काय म्हणता, ते मला गिऱ्हाईक येऊन सांगतं. 'रात्रभर चार्जिंगला लावला असशील.' 'गेम खेळतोस ना?' 'वापरायची अक्कल नाही तर बॅटरी काय करणार?' महिन्याभरात बॅटरी फुगली की चूक त्याची, कारण वॉरंटी 'चेकिंग वॉरंटी' होती, दुकानाचा उंबरा ओलांडेपर्यंतची.

शेठ, बॅटरीची निगा हा माझ्या आवडीचा विषय आहे. मी ती गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, काही वेळा त्याला कंटाळा येईपर्यंत. म्हणून निगेचं नाव तुम्ही ढालीसारखं पुढे केलंत की माझा राग अनावर होतो. रात्रभर चार्जिंगला लावल्यानं चांगली बॅटरी पेटत नाही. भरली की फोन चार्जिंग तोडतो, आणि त्याचं चुकलंच तर बॅटरीच्या कपाळावरची संरक्षक पट्टी तोडते. शंभर टक्क्यांवर तासन् तास राहिल्यानं सेल थोडा लवकर म्हातारा होतो, एवढंच. वीस-तीसपासून ऐंशीपर्यंत वापरला तर जास्त वर्षं टिकतो, हेही खरं. पण हे आयुष्य वाढवण्याचे उपाय आहेत. बॅटरीनं पेटू नये यासाठी गिऱ्हाइकानं कसलंही व्रत पाळायची गरज नसते, ती जबाबदारी बनवणाऱ्याची असते.

उष्णतेचं मात्र मी प्रत्येकाला सांगतो, कारण सेलचा खरा वैरी तीच आहे. दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन, फाउंड्रीत भट्टीजवळच्या कपाटावर ठेवलेला फोन, गादीत दाबून चार्ज होणारा फोन. शून्याचंही सांगतो. दिवाळीला गावी जाताना जुना फोन पार उतरलेला खोलीत ठेवून गेला आणि बऱ्याच दिवसांनी येऊन चार्जरला लावला, तर काय होतं? सेलचा व्होल्टेज फारच खाली घसरला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथं साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. निम्मा भरून ठेवावा. चांगली संरक्षक पट्टी हेही टाळते, कारण ती खालच्या टोकालाही तोडते. तुमच्या काही बॅटऱ्यांत ही पट्टीच अर्धी असते. हिरव्या पट्टीवर आयसीची जागा छापलेली, आयसी नाही, आणि दोन टाके जोडून विषय संपवलेला. पोरानं ऐंशी टक्क्यांचा नियम पाळला, फोन सावलीत ठेवला, उशीखालून काढून फरशीवर ठेवला, तरी त्या मोकळ्या जागेत आयसी कुठून येणार?

आता स्क्रीनचं. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि तुमची दुसरी कमाई नेमकी तिथं आहे.

तापून तापून सेलमधलं द्रावण विघटित व्हायला लागतं, गॅस तयार होतो, आणि पाकिटासारखी बॅटरी उशीसारखी फुगते. फोनमध्ये तिला फुगायला जागा नसते. ती समोरच्या पॅनेलला मागून ढकलते. पहिल्यांदा स्क्रीनवर एक फिकट डाग दिसतो, मग कडेचा गोंद सुटून फट पडते, मग एका पट्ट्यात टच चालत नाही किंवा बोट न लावता आपोआप चालतो. पोरगा तुमच्याकडे येतो. तुम्ही म्हणता, 'फोल्डर गेला.' तुम्ही त्याला नवा फोल्डर विकता, डिस्प्ले आणि टच एकत्र, त्याच्या आठवड्याच्या पगाराएवढ्या किमतीत, आणि खालची फुगलेली बॅटरी तशीच ठेवून वरून पॅनेल दाबून चिकटवता. धन आणि ऋण पत्र्यांच्या मध्ये जो पडदा असतो तो केसाहूनही पातळ असतो, वीसेक मायक्रॉनचा. त्या पडद्यावर तुम्ही अंगठ्यानं दाब देता आणि वर रबर बँड लावून गोंद सुकायला ठेवता.

याच दुखण्याचा दुसरा नमुना चार्जरचा. फोन चार्जिंगला लावला की स्क्रीन वेडी होते, अक्षरं आपोआप टाईप होतात, काढला की शहाणी होते. पोरं म्हणतात, फोनला भूत लागलं. हे भूत तुमच्या शंभर रुपयांच्या चार्जरमध्ये बसलेलं आहे. टच पॅनेल बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला अगदी सूक्ष्म बदल मोजतं. चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे भाग असतात ते तुम्ही काढून टाकले, की मेनलाइनचा गोंगाट थेट फोनमध्ये येतो, आणि पॅनेलला त्या गोंगाटातून बोट कुठलं ते ओळखता येत नाही. या खोट्या टचमुळे यूपीआयचा पिन तीनदा चुकतो, बँक व्यवहार अडवते, आणि त्या दिवशी पोराला मेसमध्ये उधारी सांगावी लागते. चार्जर बदलून बघ, एवढं सांगायला तुम्हाला दोन सेकंद लागले असते. तुम्ही त्यालाही फोल्डरच विकलात.

फोन म्हणजे त्या पोराची चैन नाही. कंत्राटदाराचा 'उद्या येऊ नको' हा निरोप त्यावर येतो. पगार जमा झाल्याचा मेसेज, पीएफचा ओटीपी, गावाकडच्या लेकराचा व्हिडिओ कॉल, तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकल्यावर सुपरवायझरला करायचा फोन, सगळं त्यावरच. दोन दिवस फोन बंद म्हणजे काही वेळा दोन दिवसांचं कामही बंद.

गोदामांतही तुमचा माल पोहोचलाय. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या वेअरहाऊसांत पोरांच्या हातात टच स्क्रीनची हँडहेल्ड यंत्रं असतात, बारकोड मारायची. मूळ बॅटरी महाग, म्हणून कुणीतरी तुमची घेतं. ती शिफ्टच्या मध्येच मान टाकते, यंत्र बंद पडतं, मोजणी चुकते. किंवा फुगून पॅनेल तडकतं. मग 'तूच आपटलंस' म्हणून पोराच्या पगारातून पैसे कापले जातात. कापणाऱ्याचा हिशोब मी वेगळा मांडीन, पण त्या तडकलेल्या काचेखाली तुमचंच स्टिकर असतं.

तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांच्या बॅटऱ्याही पेटल्या. पेटल्या ना. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं जाहीर केलं की त्यांच्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. त्या मात्सुशितानं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या. आपल्याकडेही घबराट उडाली, लोकांनी फोन उघडून मागचे क्रमांक तपासले, आणि बॅटऱ्या फुकट बदलून मिळाल्या. २०१६ मध्ये सॅमसंगनं नोट ७ चे २५ लाख फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटायला लागले तेव्हा तो फोनच बंद केला, आणि जानेवारी २०१७ मध्ये जाहीर सांगितलं की एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला पत्रा दबलेला होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. चूक त्यांचीही जीवघेणी होती. पण बनवणारा कोण, कुठल्या महिन्यात, कुठल्या तुकडीत, हे लिहिलेलं होतं म्हणून चुकीचा माग काढता आला आणि लाखो घरांतून तो माल परत आला. तुमची एखादी तुकडी सडकी निघाली, तर मी कुणाच्या दारात जाऊन सांगू, की या क्रमांकाच्या बॅटऱ्या काढून घ्या? क्रमांकच नाही.

आपल्याकडे त्यासाठी कायदा आहे, नवा नाही. अशा रिचार्जेबल सेलना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, मानक आयएस १६०४६. बॅटरीवर मानकाचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि ब्रँड दिसतो. तुमच्या काही मालावर तो क्रमांक असतो, मी टाकून पाहिला, तर समोर भलत्याच कंपनीचं भलतंच उत्पादन आलं. म्हणजे नियम तुम्हाला ठाऊक आहे. क्रमांक लागतो हे कळण्याइतका ठाऊक आहे.

मूळ कंपन्यांना मी सोडत नाही. फोन दोन-चार वर्षांचा झाला की त्याची अस्सल बॅटरी मिळेनाशी होते, मिळाली तर परवडत नाही, आणि बॅटरी गोंदानं अशी चिकटवलेली असते की काढताना वाकते. तुमचं दुकान त्या फटीत उभं आहे. युरोपीय संघानं १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम केलाय. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, ती सुरुवात आहे. चाकणमधल्या पोराला परवडणारी, नाव-गाव असलेली बॅटरी मिळायला लागली की मी सगळ्यात आधी पेढे वाटीन. पण अस्सल माल महाग आहे म्हणून थर्मिस्टर काढून टाकायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? स्वस्त सेल, कमी क्षमतेचा, खरा आकडा छापलेला आणि पट्टी पूर्ण असलेला, असा माल विकता येतो. भोसरीत, निगडीत, पिंपरी कॅम्पात तसा विकणारे, 'दादा, ही एवढीच टिकेल' असं तोंडावर सांगणारे दुकानदार आहेत. त्यांचं पोट भरतं.

मेलेल्या बॅटऱ्यांचंही विचारतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम आले, बनवणाऱ्यानं आणि आयात करणाऱ्यानं जुना माल परत गोळा करायचा. तुमचा बनवणारा बेपत्ता, म्हणून तुमची बॅटरी भंगारात जाते. कुदळवाडीची भंगार गोदामं महापालिकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. गोदामं गेली, भंगार कुठेतरी जमतंच आहे. ढिगाऱ्यात दाबल्या गेलेल्या लिथियम सेलला पेटायला बाहेरची काडी लागत नाही. आणि त्याच भंगारातून वेचलेले सेल नवं प्लास्टिक गुंडाळून पुन्हा तुमच्या काउंटरवर येतात.

आता थोडं तुमच्या गिऱ्हाइकांशी बोलतो, कारण हे तुम्ही त्यांना कधी सांगणार नाही. पोरांनो, स्क्रीनची कड उचललेली दिसली किंवा मागचं झाकण फुगलं, तर तो फोन चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका, स्वतः काढायला जाऊ नका. बंद करा, गादीपासून लांब फरशीवर ठेवा, कारागिराकडे न्या, आणि बॅटरी बदलल्याशिवाय फोल्डरचे पैसे देऊ नका. धूर यायला लागला तर आधी खोलीबाहेर पडा, तो धूर विषारी असतो. प्लग बोर्डातून काढणं सुरक्षित असेल तर काढा, आणि लांबून भरपूर पाणी ओता. लिथियमवर पाणी टाकू नये असं ऐकलं असेल, फोनच्या बॅटरीला ते लागू नाही. तिला गार करणं हेच मुख्य काम.

पुन्हा तुमच्याकडे वळतो, शेठ. पत्ता न छापण्यात तुमची हुशारी आहे असं तुम्हाला वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६ वाचून घ्या, किंवा वकिलाकडून वाचून घ्या. सदोष वस्तू बनवणारा कोण हे कळत नसेल, तर तिनं केलेल्या नुकसानीला विकणारा जबाबदार धरता येतो. हाताला भाजलं, खोली जळली, फोन गेला, तर दावा तुमच्यावर. तुम्ही कोरी ठेवलेली ती जागा कायद्यानं तुमच्या नावानं भरून ठेवली आहे.

त्यासाठी गिऱ्हाइकाकडे पुरावा लागतो, आणि तुम्ही बिल देत नाही ते याच कारणानं. म्हणून माझ्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी आता तीन गोष्टी सांगतोय. बॅटरी घेताना पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे दुकानाच्या नावानं नोंद राहते. बॅटरीच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिथंच काउंटरवर काढा. बिल मागा, आणि दिलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तिथूनच फोन लावा. उद्या एखादं पोरगं तुमच्यासमोर बॅटरी उलटीपालटी करून फोटो काढायला लागलं, तर त्याच्या अंगावर ओरडू नका. बिलबुक काढा, तारीख टाका, दुकानाचं नाव लिहा आणि सही करा.

चाकण भागातला एक मोबाईल कारागीर